मुखकर्करोग आणि नॉन-कोडिंग आरएनए : एक प्रस्तावना

मुखकर्करोग भारतात बहुतेक वेळा गालाच्या आतल्या बाजूला, किंवा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत सुरू होतो. ही जागा तंबाखूच ठरवून देतो. चुना लावून मळलेला बार, मावा, विदर्भातला खर्रा, गुटख्याची पुडी हे सगळे याच खोबणीत तासन्‌तास धरून ठेवले जाते. धूम्रपान आणि मद्य ही जिथे मुख्य कारणे आहेत, त्या पाश्चात्त्य देशांत हा रोग जिभेच्या कडेला आणि तोंडाच्या तळाशी अधिक आढळतो. सवय आणि जागा यांचे हे नाते मुंबईत फार आधी अभ्यासले गेले. टाटा स्मारक रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या माणसाने रुग्णाच्या खिशातल्या पुडीकडेही पाहायला हवे, ही दृष्टी भारतातल्या कर्करोग संशोधनात तेव्हापासून रुजली. प्रस्तुत विषय रेणूंचा असला, तरी त्याची सुरुवात त्या पुडीपासूनच करणे योग्य ठरते.

२०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७७ हजार नवे रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे १ लाख ३५ हजार, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक, भारतातले होते. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात जवळपास चौघांतला एक प्रौढ धूररहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. त्यात दात घासण्याच्या नावाखाली मशेरी लावणाऱ्या स्त्रियाही आल्या. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकत घेऊन तळहातावर एकत्र करण्याला मात्र ती थांबवू शकलेली नाही. या रोगाची सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की तो दिसतो. पोटातला किंवा फुफ्फुसातला कर्करोग शोधायला यंत्रे लागतात. इथे तोंड उघडून बॅटरीचा उजेड टाकला की पुरते. तरीही भारतात बहुसंख्य रुग्ण गाठ मोठी झाल्यावर, मानेत उतरल्यावर रुग्णालयात पोहोचतात.

तंबाखूतली नायट्रोसमाइने शरीरात रूपांतर होऊन डीएनएला चिकटतात आणि त्यातली अक्षरे बदलतात. चुन्यामुळे तोंडातली अल्कता वाढते, त्यामुळे निकोटीन आणि सुपारीतले अरेकोलिन अस्तरातून अधिक वेगाने आत शिरतात. सुपारीत तांबेही असते, आणि कोलेजनचे तंतू एकमेकांना बांधणाऱ्या विकराला ते चालना देते. तंबाखू घातलेले पान कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली म्हटले. तंबाखू नसलेले पान आणि नुसती सुपारीही त्या यादीत बसते, हा निष्कर्ष २००४ साली आला. पूजेच्या ताटातली, लग्नाच्या बैठकीतली, पाहुण्यापुढे सरकवलेली सुपारी निरुपद्रवी मानण्याची सवय इतकी जुनी आहे की हा निष्कर्ष अजूनही फार थोड्यांच्या कानावर गेला आहे.

डीएनएमधल्या बदलांचा मागोवा भारतीय रुग्णांमध्येच घेतला गेला आहे. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेले टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक यांनी मिळून गाल आणि हिरडीच्या कर्करोगाचा जीनोम वाचला. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी ५० रुग्णांच्या गाठी आणि मग पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांचे नमुने त्यात होते. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ अशा ओळखीच्या जनुकांबरोबर यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२ ही जनुकेही या रोगात वारंवार बिघडलेली सापडली. यांतली शेवटची दोन लक्ष वेधतात. ती स्वतः पेशीची वाढ करत नाहीत. डीएनएचा कोणता भाग उलगडलेला राहील आणि कोणता गुंडाळलेला, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. म्हणजे पेशीच्या मजकुराइतकाच तो मजकूर वाचण्याचा क्रमही या रोगात बिघडतो. शिवाय या पाहणीत मुख्यतः प्रथिनांची माहिती असलेला भाग वाचला गेला, आणि माणसाच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जीनोममध्ये तो दोन टक्क्यांहूनही कमी भरतो.

उरलेला भाग बराच काळ अडगळ समजला गेला. प्रथिन घडवणारी जनुके माणसात सुमारे २०,०००. एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीतही जवळपास तेवढीच. हा हिशेब जुळेना, तेव्हा अडगळीकडे लक्ष गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले की जीनोमच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागाची आरएनएच्या रूपात नक्कल कोणत्या ना कोणत्या पेशीत निघते. त्यातली प्रत्येक नक्कल उपयोगाचीच असते असे नव्हे. पण ज्यांचे काम सिद्ध झाले आहे असे आरएनएही पुष्कळ आहेत. प्रथिनाची कृती न सांगता स्वतःच काम करणाऱ्या या आरएनएंना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात.

त्यांचे काम समजायला सरकारी दप्तराचे उदाहरण उपयोगी पडते. मूळ दस्तऐवज रेकॉर्ड रूममध्ये राहतो. बाहेर जाते ती त्याची नक्कल. पेशीच्या केंद्रकात डीएनए राहतो आणि त्याची संदेशवाहक आरएनएच्या रूपातली नक्कल बाहेर येऊन तिच्यावरून प्रथिन घडते. आता या नकलेवर कोणी ‘स्थगित’ असा शेरा मारला, तर मूळ कागद शाबूत असूनही काम अडते. नॉन-कोडिंग आरएनएंपैकी सर्वांत अभ्यासलेला गट, मायक्रोआरएनए, हे शेरा मारण्याचे काम करतो.

पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये सूत्रकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस यांच्या गटाने लिन-४ हे जनुक वेगळे केले, तेव्हा त्यापासून प्रथिन न बनता जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए बनतो असे दिसले. गॅरी रव्हकुन यांनी तो ज्या जनुकाला अडवतो त्याच्या नकलेत त्याला जुळणाऱ्या जागा दाखवल्या. पुढची सात वर्षे ही कृमीतली एक विचित्र गोष्ट म्हणून बाजूला पडली. २००० साली रव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेत लेट-७ सापडला. तो माशीपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आहे हे कळल्यावर चित्र पालटले. या शोधासाठी दोघांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रोआरएनए तयार होण्याची वाट लांबची आहे, आणि कर्करोगात ती कुठेही बिघडू शकते. आधी केंद्रकात एक लांब आरएनए बनतो व स्वतःवरच दुमडून केसातल्या आकड्यासारखा आकार घेतो. ड्रोशा नावाचे विकर त्याची टोके छाटते. एक्स्पोर्टिन-५ हे प्रथिन तो तुकडा केंद्रकाबाहेर नेते. तिथे डायसर हे विकर त्याला कापून सुमारे २२ अक्षरांचा करते आणि त्याची एक बाजू आर्गोनॉट या प्रथिनात बसते. या जोडीत बाण आरएनएचा आणि धनुष्य आर्गोनॉटचे. मायक्रोआरएनएची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे एखाद्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या भागाशी जुळली की तो संदेश दाबला जातो किंवा मोडीत निघतो. एवढ्या थोड्या अक्षरांची जुळणी पुरत असल्याने एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर परिणाम करू शकतो, आणि एकाच संदेशावर अनेक मायक्रोआरएनए. एकेकाचा परिणाम सहसा सौम्य असतो. रेडिओचा आवाज बारीक करावा तितका. कर्करोगात असे अनेक आवाज एकाच दिशेने कमी-जास्त होतात, आणि त्याची बेरीज मोठी होते.

कर्करोगाशी त्यांचा पहिला पक्का दुवा २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगात मिळाला. त्या रुग्णांत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा वारंवार गळालेला असे, पण त्यात दोषी ठरेल असे प्रथिनाचे जनुक कोणालाच सापडत नव्हते. तिथे मिर-१५ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए होते. हा शोध पद्धतीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. जिथे ‘काही नाही’ असे वाटत होते, तिथेच कारण होते. त्यानंतर एकेका कर्करोगात मायक्रोआरएनएंच्या पातळ्या मोजण्याची लाट आली आणि मुखकर्करोगही तिच्यात आला.

मुखकर्करोगात पातळी वाढलेली सर्वांत सातत्याने आढळते ती मिर-२१ ची. पीटेन आणि पीडीसीडी४ या प्रथिनांना तो दाबतो. पीटेन पेशीतला वाढीचा एक महत्त्वाचा मार्ग आवरून धरते; ते कमी झाले की लगाम सुटतो. पण मिर-२१ चे खरे महत्त्व रोगाच्या आधीच्या अवस्थेत आहे. टोरांटोतल्या संशोधकांनी २००९ मध्ये तोंडातले पांढरे चट्टे दोन गटांत तपासले : पुढे कर्करोगात गेलेले आणि न गेलेले. पुढे गेलेल्या चट्ट्यांत मिर-२१, मिर-१८१बी आणि मिर-३४५ यांची पातळी वाढलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे दोन चट्टे पुढे वेगळ्या वाटेने का जातात, हा प्रश्न तोंड तपासणाऱ्या प्रत्येक दंतवैद्यापुढे रोज उभा असतो. मुख्यतः पेशींचा बेढबपणा किती यावरून अंदाज बांधावा लागतो, आणि दोन विकृतिशास्त्रज्ञांचे त्यावर एकमत होईलच असे नसते. इथे मायक्रोआरएनएंची साक्ष मिळाली.

मिर-३१ ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचे जनुक ९ व्या गुणसूत्रावर, पी१६ या राखणदार जनुकाच्या शेजारी आहे, आणि मुखकर्करोगात हाच भाग वारंवार तुटतो. तरीही तैवानमधल्या अभ्यासांत मुखकर्करोगाच्या पेशींत मिर-३१ वाढलेलाच मिळाला. तैवानातही सुपारी खाण्याची सवय मोठी असल्याने हे निष्कर्ष भारताला जवळचे आहेत. तिथल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की मिर-३१ हा एफआयएच नावाच्या प्रथिनाला दाबतो. हे प्रथिन नसले की पेशी प्राणवायू पुरेसा असतानाही कमी असल्यासारखी वागते आणि रक्तवाहिन्या ओढून घेते. रुग्णांच्या रक्तद्रवातही मिर-३१ जास्त होता आणि गाठ काढल्यावर तो उतरला. मात्र स्तनाच्या कर्करोगात हाच मिर-३१ रोगाचा प्रसार रोखतो, असे २००९ च्या प्रयोगांत दिसले होते. एकच रेणू एका ऊतीत शत्रू आणि दुसरीत मित्र असू शकतो. कारण तो स्वतः काहीच करत नाही, त्या पेशीत जे संदेश हजर असतील त्यांनाच तो आवरतो. म्हणून कोणत्याही मायक्रोआरएनएला सरसकट ‘कर्करोगाचा’ म्हणणे चुकीचे ठरते. ‘गालाच्या कर्करोगात असा वागणारा’ इतके नेमके म्हणावे लागते.

पातळी घटलेल्यांची यादीही मोठी आहे. मिर-३७५ आणि लेट-७ कुळातले काही मायक्रोआरएनए मुखकर्करोगात कमी मिळतात. मिर-१३८ कमी झाला की पेशींची हालचाल वाढते. मिर-१३७ आणि मिर-१९३ए यांचे प्रकरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. टोकियोतल्या संशोधकांना २००८ मध्ये आढळले की मुखकर्करोगात या दोघांची जनुके शाबूत असतात. त्यांच्या सुरुवातीच्या भागावर मिथिल गटांचा थर चढल्यामुळे ती गप्प होतात. असा थर तत्त्वतः उतरवता येतो. हरवलेले जनुक परत आणता येत नाही, पण गप्प बसवलेले बोलते करता येण्याची शक्यता राहते.

दोनशेहून अधिक अक्षरांच्या नॉन-कोडिंग आरएनएंना लांब नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. दोनशे ही सीमा प्रयोगशाळेच्या सोयीने ठरली. या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या कामांचे रेणू गोळा झाले आहेत. काही डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनांना नेमक्या जागी घेऊन जातात, काही मचाणासारखे दोन-चार प्रथिने एकत्र धरून ठेवतात, काही केंद्रकातच राहून नकलांची जुळणी सांभाळतात. हॉटएअर हा आरएनए २००७ मध्ये वर्णिला गेला. तो मुखकर्करोगाच्या गाठींत, आणि रुग्णांच्या लाळेतही, वाढलेला नोंदला आहे. २००३ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगातून पुढे आलेला मॅलॅट-१ मुखकर्करोगात वाढलेला असतो आणि पेशींच्या प्रसाराशी जोडला जातो. मेग३ मात्र बहुधा घटलेला असतो.

या गटाबद्दल सावधपणा जरुरीचा आहे. मॅलॅट-१ चे जनुक उंदरांतून पूर्ण काढून टाकले तरी ते उंदीर सुखरूप वाढले, असे २०१२ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांत दिसले. २०१८ मध्ये तर स्तनाच्या कर्करोगात तो प्रसार रोखतो असा निष्कर्ष आला, आधीच्या समजाच्या नेमका उलट. हॉटएअर डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनसमूहाला कसा वाट दाखवतो, या मूळ कल्पनेवरही पुढे गंभीर आक्षेप आले. एखाद्या आरएनएची पातळी गाठीत वाढलेली असणे आणि त्याने गाठ वाढवलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुखकर्करोगावरच्या लेखनात यांतली पहिली मांडून दुसरी गृहीत धरण्याची घाई फार दिसते. वाचकाने प्रत्येक दाव्याला एक साधा प्रश्न विचारावा : हा रेणू काढून घेतल्यावर काय झाले, आणि ते बशीतल्या पेशींत पाहिले की प्राण्यात?

वर्तुळाकार आरएनए हा सर्वांत नंतर पुढे आलेला गट. नक्कल जुळवताना शेवटचे टोक मागे वळून आधीच्या टोकाला जोडले जाते आणि बंद कडी तयार होते. टोकेच नसल्याने टोकांपासून कुरतडणाऱ्या विकरांना तिथे धरायला जागा मिळत नाही, आणि हे रेणू दीर्घकाळ टिकतात. २०१३ मध्ये अशा एका कडीवर मिर-७ बसण्याच्या सत्तरहून अधिक जागा सापडल्या, आणि स्पंज जसा पाणी शोषतो तसे वर्तुळाकार आरएनए मायक्रोआरएनए शोषून घेतात, ही कल्पना लोकप्रिय झाली. मुखकर्करोगात सर्कआरएनए-१००२९० हा मिर-२९ ला शोषून सीडीके६ या पेशीविभाजनाच्या प्रथिनाला मोकळे सोडतो, असे २०१७ मध्ये मांडले गेले. कल्पना देखणी आहे, पण ती आकड्यांच्या कसोटीवर उतरायला हवी. ज्या कडीवर एक-दोनच जागा आहेत आणि जिच्या पेशीत थोड्याच प्रती आहेत, ती हजारो प्रतींचा मायक्रोआरएनए कसा शोषणार, हा आक्षेप २०१४ पासून मोजमापांसह घेतला गेला आहे. सत्तर जागांचे ते उदाहरण नियमापेक्षा अपवादाच्याच जवळचे आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या विषयाचा गाभा सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये आहे. सुपारीमुळे होणाऱ्या या विकारात तोंडाचे अस्तर हळूहळू ताठर होत जाते. सुरुवातीला आमटीचे साधे तिखटही झोंबते. मग गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडेनासे होते. रुग्ण आपली अवस्था बोटांत सांगतो : आधी तीन बोटे जात, आता दोनच जातात. अनेक जण पंचविशीच्या आतले असतात. केरळात एर्नाकुलम येथे अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा ७.६ टक्क्यांना कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये नोंदले गेले. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण कोणाला होईल ते सांगता येत नाही.

या विकारात नॉन-कोडिंग आरएनएंचा संबंध निरीक्षणापुरता न राहता कार्यकारणाच्या बराच जवळ येतो. कारण कोलेजन हेच मिर-२९ कुळाचे एक मुख्य लक्ष्य आहे. मिर-२९ कमी झाला की कोलेजनच्या संदेशांवरचा दाब सुटतो आणि तंतू साचतात. हे आधी हृदयाच्या व्रणात सिद्ध झाले होते. तैवानच्या संशोधकांनी सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये एच१९ हा लांब आरएनए वाढलेला आणि मिर-२९बी दबलेला दाखवला. दुसरा धागा मिर-२०० कुळाचा. हे मायक्रोआरएनए झेब१ आणि झेब२ या प्रथिनांना दाबतात, आणि ती प्रथिने उलट मिर-२०० च्या जनुकांना दाबतात. २००८ मध्ये स्पष्ट झालेली ही परस्पर कोंडी दोन पारड्यांसारखी आहे. मिर-२०० चे पारडे जड असते तेव्हा अस्तराच्या पेशी एकमेकींना धरून, ओळीत राहतात. झेबचे जड झाले की त्या सुट्या होतात, तंतुमय ऊतीतल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि सरकतात. सुपारीच्या माऱ्याने अस्तरात टीजीएफ-बीटा हा संकेत वाढतो आणि तो पारडे झेबच्या बाजूला झुकवतो. ताठरता आणण्याची यंत्रणा आणि प्रसाराची यंत्रणा यांत असे सामाईक भाग असणे हे या विकाराचे धोकादायक रूप उलगडून दाखवते. पुडीपासून गाठीपर्यंतच्या वाटेतला हा टप्पा संशोधनात आजवर मिळाले त्याहून कितीतरी अधिक लक्ष मागतो.

निदानाच्या बाजूने सर्वांत मोठी आशा लाळेकडून आहे. २००८ मध्ये रक्तद्रवात मायक्रोआरएनए टिकून राहतात हे सिद्ध झाले. ते सूक्ष्म पिशव्यांत किंवा आर्गोनॉटसारख्या प्रथिनांत सुरक्षित असतात. मुखकर्करोगाची गाठ तर लाळेतच बुडालेली असते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये रुग्णांच्या लाळेत मिर-१२५ए आणि मिर-२००ए कमी असल्याचे दाखवले. तैवानात लाळेतला मिर-३१ वाढलेला मिळाला. लाळ गोळा करायला सुई लागत नाही, दुखत नाही, आणि आशा कार्यकर्तीही ते काम करू शकते.

अडचणीही याच माध्यमातल्या आहेत. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात हिरड्यांची सूज जवळपास ठरलेली असते, आणि सूजही अनेक मायक्रोआरएनएंच्या पातळ्या बदलते. लाळेत रक्ताचा अंश आला की तांबड्या पेशींतले मिर-१६ आणि मिर-४५१ मोजमाप बिघडवतात, आणि मिर-१६ तर अनेक अभ्यासांत स्थिर मापदंड म्हणून वापरला गेला आहे. माप घ्यायची पट्टीच लांब-आखूड होत असेल तर दोन अभ्यासांचे आकडे जुळणार कसे? त्यातच अनेक अभ्यास काही डझन रुग्णांचे आहेत, आणि त्यांतले ‘निरोगी’ लोक बहुधा तंबाखू न खाणारे असतात. तपासणीची गरज मात्र तंबाखू खाणाऱ्यांमध्ये रोगाच्या वाटेवरचा कोण, हे ओळखण्याची आहे. खर्रा खाणाऱ्या शंभर जणांच्या लाळेतून धोक्याचे पाच वेगळे काढता आले, तर ती चाचणी कामाची.

अशा चाचणीला आणखी एक कसोटी आहे, ती साध्या डोळ्यांची. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आरएनएच्या चाचणीने बॅटरी आणि तरबेज नजर यांना हटवायचे नाही. नजरेला जो चट्टा दिसला त्याचे पुढे काय होईल, एवढे सांगितले तरी तिची किंमत वसूल होईल.

शस्त्रक्रियेतही असाच एक निर्णय अडून राहतो. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. तरी मानेतल्या लसिका ग्रंथी काढाव्यात का? टाटा स्मारक रुग्णालयातल्या चाचणीने २०१५ मध्ये याचे उत्तर दिले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. रोग मानेत दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. या निकालाने जगभरची पद्धत बदलली. पण आधीच काढलेल्या ग्रंथींत प्रत्यक्ष रोग सापडला तो सुमारे ३० टक्के रुग्णांत. उरलेल्या सत्तर टक्क्यांनी खांद्याचा जडपणा आणि मानेवरचा व्रण खबरदारीपोटी सोसला. छोट्या तुकड्यावरून गाठ मानेत उतरणारी आहे की नाही हे मिर-२०० किंवा मिर-३१ यांसारख्या रेणूंचा संच सांगू शकला, तर अनेकांची मान वाचेल. या दिशेने संच सुचवले गेले आहेत. शस्त्रक्रिया टाळण्याइतका भरवसा मात्र अजून कोणत्याही संचाने कमावलेला नाही, आणि इथे चुकलेल्या अंदाजाची किंमत रुग्णाचा जीव असते.

उपचारात कल्पना सरळ आहे : वाढलेल्या मायक्रोआरएनएला जुळणारा रासायनिक तुकडा देऊन तो गप्प करायचा, किंवा घटलेल्याची नक्कल बाहेरून पुरवायची. दुसरा मार्ग मिर-३४ए च्या नकलेने २०१३ पासून माणसांवर अजमावला गेला. हे औषध मेदाच्या सूक्ष्म थेंबांतून शिरेवाटे दिले जाई. काही रुग्णांच्या गाठी आटल्या, पण प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्या आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. दुसरीकडे, आरएनएच्याच छोट्या दुहेरी तुकड्याने संदेश दाबणारे पहिले औषध २०१८ मध्ये मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकारासाठी अमेरिकेत मान्य झाले. त्यासाठी औषध यकृतात पोहोचणे पुरेसे होते, आणि यकृत असे थेंब आपोआप गोळा करते. रेणू बनवता येतो. अडते ते त्याला हव्या त्या पेशीपर्यंत नेताना.

तोंडाला इथे एक नैसर्गिक फायदा आहे. चट्टा समोर असतो, आणि औषध शिरेतून साऱ्या शरीरात फिरवण्याऐवजी थेट त्यावर लावता येईल अशी पट्टी किंवा जेल कल्पिता येते. पण गालाचे निरोगी अस्तर बाहेरचे मोठे रेणू सहजासहजी आत घेत नाही, आणि लाळेत आरएनए कुरतडणारी विकरे विपुल असतात. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये तर अस्तराखाली कोलेजनचा घट्ट थर असतो आणि रक्तवाहिन्या विरळ झालेल्या असतात. मिर-२९ किंवा मिर-२०० परत पोहोचवायचा तो नेमका या थरापलीकडे. शिवाय लावलेली पट्टी टिकायला तोंड काही तास स्वस्थ राहावे लागते, आणि गालात तोच बार पुन्हा भरला गेला तर लावलेला रेणू आणि अरेकोलिन एकाच खोबणीत एकमेकांविरुद्ध काम करत राहतील.